लोकुमेनिकेच्या दाढेवरचा लेप

हालगहवेला गावात लोकुमेनिकेच्या तोंडाला कुणी लागत नसे. बाई भांडकुदळ होती असं नाही, उलट मोठी मायाळू. पण एकदा बोलायला लागली की समोरचीच्या चुलीवरचा भात करपायचा आणि हिची गोष्ट निम्म्यावरही आलेली नसायची. तिचा नवरा उक्कुबंडा भेरली जातीच्या माडांवर चढून नीरा उतरवायचा. सकाळ-संध्याकाळ चढावं लागतं हे खरंच, पण गावातले लोक म्हणायचे, बंडा चढतो नीरेसाठी आणि वर बसून राहतो तो कानांना विसावा म्हणून.

त्याने आणलेली नीरा लोकुमेनिके आटवायची. तिच्या काकवीला कँडीच्या बाजारात नाव होतं, आणि करवंटीत ओतलेला तिचा गूळ तर बघता बघता संपायचा. घरात तिसरं माणूस म्हणजे नात, सेनुली. तिची आई कोलंबोकडे कपड्यांच्या कारखान्यात कामाला होती आणि पौर्णिमेच्या सुटीला तेवढी यायची. सेनुली दुसरीत होती. पुढचे दुधाचे दात पडून तिच्या हसण्याला खिंडार पडलं होतं, मागे मात्र नव्या पक्क्या दाढा उगवल्या होत्या.

एके दिवशी ती शाळेतून आली ती दप्तर फेकत आणि आजीला हाका मारतच.

“आच्ची, शाळेत दातांच्या मिस आल्यात! सुदर्मा मिस. गाडीतून खुर्ची आणलीय, ती मागे झोपते! आमच्या नव्या दाढांवर त्या पातळ औषध ओतणार आणि निळा दिवा लावणार. मग ते दगडासारखं घट्ट होतं.”

“दगडासारखं?” लोकुमेनिकेने काकवी ढवळायची थांबवली. “तोंडात?”

“हो. मग दाढ किडत नाही.”

“दाढ किडलीच नाही, तर औषध कशाला?”

“किडू नये म्हणून तर ओततात, आच्ची!”

लोकुमेनिकेला ते काही पटलं नाही. तिचे स्वतःचे दात तरुणपणीच एकेक करून गेले होते, आणि प्रत्येकाने जाताना तिला रात्र रात्र रडवलं होतं. आता विड्याने लाल झालेले पुढचे चार-दोन आणि मागे बांधावरच्या दगडासारखी एकटी उभी असलेली दाढ, एवढाच संसार उरला होता. दात दुखला की काढायचा, हे तिला ठाऊक. न दुखणाऱ्या दाताला कुणी हात लावतो, हे तिने ऐकलं नव्हतं.

ओढ्यावर कपडे धुताना तिने ते शेजारच्या गुणवतीला सांगितलं. सांगताना थोडा मीठमसाला लागला, तो तिच्या हाताचा गुणच होता. “आज दाढ चिकटवतील,” ती म्हणाली, “उद्या जबडा चिकटला तर काय करायचं?”

गुणवतीने ते दुकानात सांगितलं. दुकानातून ते चहाच्या मळ्याकडे गेलं, तिथून विहाराच्या पायऱ्यांवर पोचलं. दिवे लागेपर्यंत त्याला हातपाय फुटले होते. गुणवती धावतच कुंपणापाशी आली.

“लोकु अक्का, ऐकलंस का? तिकडे केगल्ले गावात एका पोराचं तोंड त्या औषधाने मिटलं ते मिटलंच! नाकातून कांजी पाजतात म्हणे त्याला!”

लोकुमेनिकेच्या हातातली पळी गळून पडली. “अगं आई गं! मी म्हणत नव्हते?”

आपणच सोडलेलं पाखरू गावभर फिरून आपल्याच अंगणात उतरलंय, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. त्या बिचाऱ्या पोराच्या आठवणीने तिला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत निराळाच तमाशा झाला. मिस खुर्ची मांडून बसल्या आणि एक पोर जवळ येईना. दुसरीचा वर्ग लवंगेच्या झाडांमागे जाऊन लपला. ज्यांना पकडून आणलं त्यांनी ओठ असे दाबून धरले, की मुख्याध्यापकांना हजेरीही घेता येईना. सेनुली तर ओठांवर दोन्ही हात ठेवूनच घरी आली.

“बोल ना गं, काय झालं?” आजीने विचारलं.

सेनुलीने मान हलवली. मग बोटांच्या फटीतून म्हणाली, “तोंड उघडलं तर मिस ओततील.”

“इथं कुठायत मिस?”

“आणि आमच्या वर्गातल्या राजूचा भाऊ म्हणाला, मिस म्हणतात काकवी म्हणजे विष.”

इथे मात्र लोकुमेनिकेचं डोकं फिरलं. तोंड चिकटवणं एक वेळ ठीक. पण तिच्या काकवीला विष! तिने विड्याची पिंक टाकली, पदर कंबरेला खोचला, सेनुलीचं मनगट धरलं आणि शाळेची चढण एका दमात चढली. काय काय बोलायचं ते वाटेत तिने घोकून ठेवलं होतं. त्याची सुरुवातच लांबलचक होती.

शाळा सुटून गेली होती, पण अर्धी पोरं अजून पटांगणात रेंगाळत होती, मिस काय करतात ते लांबून बघत. सुदर्मा मिस वर्गात एकटीच बसली होती. पोरसवदा मुलगी, पांढरा अंगरखा, चेहरा पार उतरलेला. तिच्यासमोर कोऱ्या चहाचा कप होता. तिने तळहातावरचा गुळाचा खडा कुरतडला आणि वर चहाचा घोट घेतला.

लोकुमेनिके दारातच थबकली. करवंटीचा आकार, तो काळपट तांबूस रंग. गूळ तिचाच होता.

“तू गूळ खातेस?”

मिस दचकली. “खाते की. इथला आहे, दुकानातून घेतला. इतका चांगला मी आयुष्यात खाल्ला नाही, आच्ची. तुम्हाला हवाय?”

घोकलेलं सगळं लोकुमेनिके विसरली. “मग काकवी विष आहे असं का सांगतेस पोरांना?”

“मी? मी म्हटलं, खाऊन झालं की चूळ भरा. एवढंच.” मिसने कप खाली ठेवला. “आणि म्हणे मी तोंडं चिकटवते. कुणाच्या डोक्यातून निघालं हे कोण जाणे. पहिलीच नेमणूक आहे माझी. घरून निघताना आई म्हणाली होती, पोरं तुझ्याभोवती गोळा होतील. इथं पोरं झाडांमागे लपून बसलीत.”

तिचे डोळे भरून आले, तेव्हा लोकुमेनिकेला पहिल्यांदाच ओढा आठवला. मग गुणवती आठवली, मग तो मीठमसाला. तिचे कान गरम झाले. ती खाली बाकावर टेकली.

“बरं, मला दाखव तरी काय करतेस ते.”

मिसने पिशवीतून प्लॅस्टिकची मोठी दाढ काढली. वरच्या बाजूला डोंगरदऱ्या असाव्यात तशा खाचा होत्या. “नवी दाढ अशी असते. या दऱ्या इतक्या अरुंद की ब्रशचा केस आत जात नाही. पण साखर जाते, आणि किडीची सुरुवात तिथेच होते. म्हणून कीड लागायच्या आधीच आपण हा लेप भरून दरी बुजवायची. तो फक्त दाढेवर बसतो. जबड्याचा संबंधच नाही.”

लोकुमेनिकेने त्या खाचेतून नख फिरवलं. नख खरंच तळाला पोचत नव्हतं. “आमच्या मडक्याला चीर गेली की डिंक भरतो, तसं. फुटायच्या आधी.”

“तस्संच!”

“मग हे असं सांगायचं ना, पोरी! निळा दिवा काय, दगड काय!” ती सेनुलीकडे वळली. “चल, बस खुर्चीत.”

सेनुलीचे हात पुन्हा तोंडावर गेले. एव्हाना खिडकीच्या गजांना पोरांची डोकी लटकली होती. त्या सगळ्यांकडे एकदा बघून सेनुली बोटांतून म्हणाली, “आच्ची, तू आधी.”

“हो, आधी आच्ची!” खिडकीतून एकच गलका झाला.

“अरे, माझं काय उरलंय आता!”

“हे लहान मुलांचं काम आहे,” मिस हसत म्हणाली, “तेरा वर्षांच्या वरचं माणूस मी घेत नाही.”

“माझ्या तोंडात नुकत्या चालायला लागलेल्या पोरापेक्षा कमी दात आहेत, मग मी लहानच की!” असं म्हणून लोकुमेनिके खुर्चीत चढली. चढली खरी, पण खुर्ची मागे झोपताच तिने दोन्ही हातांनी दांडे धरले. नाकातून कांजी पिणारं ते केगल्लेचं पोर डोळ्यांसमोरून जाईना. ते आपल्याच मीठमसाल्यातून उगवलंय, हे कळूनही जाईना.

मिसने दिवा फिरवून आत पाहिलं. विड्यावरून दोन शब्द सुनावले. मग थांबून म्हणाली, “मागची दाढ चांगली आहे हो! खाचा खोल आहेत, पण कीड नाही. करते मी. फक्त एक गोष्ट, आच्ची. दाढ कोरडी राहिली पाहिजे. थुंकी लागली की लेप धरत नाही. मी सांगेपर्यंत बोलायचं नाही.”

खिडकीत खसखस पिकली. कुणीतरी म्हणालं, “मेलो! आच्चीला ते जमायचं नाही.”

मिसने दाढ खसाखसा घासली, आंबट निळी जेल लावली, धुतली, हवा मारून सुकवली, गालात कापसाच्या वाती ठेवल्या. “आता दाढ खडूसारखी पांढरी दिसतेय. लेप धरायला तयार आहे.”

“पांढरी?” लोकुमेनिके म्हणाली. “माझी दाढ? अगं, माझ्या लग्नात...”

कापूस जिभेवर आला, दाढ भिजली आणि सगळं फुकट गेलं.

“आच्ची!” सेनुली ओरडली. आपण ओठांवरून हात कधी काढले, हे तिला कळलंही नाही. ती खुर्चीला येऊन भिडली आणि तिने आजीचा हात घट्ट धरला. “गप्प राहायचं. माझ्याकडे बघ. मी सोडणार नाही तुला.”

मिसने पुन्हा पहिल्यापासून केलं. या वेळी लोकुमेनिकेने आ वासला आणि तसाच ठेवला. तिला आठवत होतं तेव्हापासून एवढा वेळ ती गप्प राहिली नव्हती. आधी जीभ वळवळली. मग हळूहळू निवली. तिला शाळेमागच्या ओढ्याचा आवाज ऐकू आला, साळुंक्यांची भांडणं ऐकू आली, सेनुलीचा भरभर चालणारा श्वास ऐकू आला. ही पोर श्वास घेताना नाकातून बारीक शिट्टी वाजवते, हे तिला माहीतच नव्हतं. तिने नातीचा हात दाबला.

थंड थेंब दाढेत उतरला. निळा दिवा पेटला. त्याच वेळी दारात उक्कुबंडा येऊन उभा राहिला, कमरेला कोयता आणि धाप लागलेली. बायकोचं तोंड शाळेत मिटवताहेत, असं कुणीतरी त्याला माडाखालून ओरडून सांगितलं होतं.

“झालं,” मिस म्हणाली. “मिटा आता.”

लोकुमेनिकेने तोंड मिटलं आणि उठून बसली. काही बोलली नाही. ओठ घट्ट, गाल आत ओढलेले, डोळे छताकडे. पोरांनी श्वास रोखले. मिसच्याही चेहऱ्यावरचा रंग उडाला.

“चिकटलं,” खिडकीतून एक बारीक आवाज आला.

उक्कुबंडा दोन पावलं पुढे आला. वर्षानुवर्षं तो ज्या शांततेसाठी माडावर बसत होता, ती आता समोर खुर्चीत बसली होती. “लोकु?” तो म्हणाला. “लोकु, बोल ना गं! काहीही बोल!”

लोकुमेनिकेने जीभ दाढेवरून आणखी एकदा फिरवली.

“काय गुळगुळीत झालीय!” ती म्हणाली. “करवंटीच्या आतल्या बाजूसारखी! आणि तू रे, भर वेळेला माड सोडून इथं काय करतोस? नीरा आंबेल ना! आणि कोयता घेऊन शाळेत येतात का? मिसने काय म्हणावं? मिस, हा माझा नवरा, तसा स्वभावाने बरा आहे, आमचं लग्न झालं तेव्हा...”

पुढचं कुणाला ऐकू आलं नाही, कारण पोरं नुसती किंचाळत होती. उक्कुबंडा बाकावर बसून पोट धरून हसत होता. त्याने डोळे पुसले आणि मिसला हात जोडले, पण ते तोंड उघडलं म्हणून की थोडा वेळ मिटलं होतं म्हणून, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

मिस सामान आवरायला गेली, तर खुर्चीत कुणीतरी आधीच बसलं होतं. सेनुलीने आ वासला होता. खिंडारासकट सगळं तोंड दिसत होतं. “माझं करा,” ती म्हणाली. “मी आच्चीसारखी मध्ये बोलणार नाही.”

आणि ती बोलली नाही. चारही दाढा होईपर्यंत लोकुमेनिके तिचा हात धरून उभी होती, आणि तीही बोलली नाही. दाराबाहेर रांग लागली. राजूच्या भावाने आपला नंबर आधी लागावा म्हणून दोघांना ढकललं, तेव्हा मुख्याध्यापकांनी त्याला कान धरून मागे नेलं. ऊन उतरेपर्यंत मिस वाकूनच होती. मग उरलेल्यांना उद्या या म्हणून सांगावं लागलं, तर दोन पोरं रडली.

“पुढच्या वर्षी येऊन तपासेन,” मिस निघताना म्हणाली. “कुठे लेप निघाला असेल तर पुन्हा लावू.”

“वर्षभर थांबतेस कशाला? उद्या दुपारी जेवायलाच ये. दूधभात करते, वर काकवी,” लोकुमेनिके म्हणाली. “मग आपण दोघी चूळ भरू.”

त्या संध्याकाळी गावात काम असं कुणाचं झालंच नाही. वाटेवर जो भेटेल त्याच्यापुढे पोरं आ करून उभी राहत होती. “बघा, माझ्या दऱ्या बुजल्या!” दुकानदार टॉर्च लावून एकेकाचं तोंड बघत होता. गुणवतीने तिन्ही पोरांचे जबडे पुन्हा पुन्हा उघडून खात्री करून घेतली. विहाराच्या पायऱ्यांवर छोटे भिक्खू एकमेकांच्या तोंडात डोकावत बसले होते, आणि थोरले भन्ते त्यांना रागवायला म्हणून आले ते स्वतःच खाली वाकून बघायला लागले.

लोकुमेनिके घरी पोचायला अंधार झाला, कारण प्रत्येक कुंपणापाशी तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. सेनुली आणि उक्कुबंडा तिच्या मागून चालत होते. कुठे चुकली तर सेनुली दुरुस्त करत होती, आणि उक्कुबंडा कुठेच घाई करत नव्हता.