काठीचा मान

गुरुवारी पार्लर बंद असे. त्या दिवशी पार्लरवाल्या ताई लेकीला घेऊन आठवड्याचं वाणसामान आणायला जात. निघताना केस नीट बसवलेले, कपड्यांना कडक इस्त्री, ओठांवर हलकासा रंग. सासूबाई दारातून म्हणत, "किराणा आणायला चाललीस की फोटो काढायला?"

"मीच गबाळी फिरले तर माझ्याकडे केस कापून घ्यायला कोण येईल, आई?" ताई हसून म्हणत.

त्यांच्याकडे पाहून कुणाला खरं वाटलं नसतं, पण ताईंचं हृदय जेमतेम निम्म्या ताकदीने चालत होतं. काही वर्षांपूर्वी एक ताप आला, साधा वाटला, आणि जाताना हृदयाचे स्नायू दुबळे करून गेला. मध्ये मध्ये टेकत केस कापणं जमे. पण हातात ओझं आलं किंवा जरा जास्त चालावं लागलं, की धाप लागे, डोळ्यांपुढे अंधारी येई. म्हणून डॉक्टरांनीच आग्रह धरून त्यांना अपंगांच्या राखीव जागेत गाडी लावायचं कार्ड मिळवून दिलं होतं.

त्या गुरुवारी ताईंनी दुकानाच्या दाराजवळ राखीव जागेत गाडी लावली, काचेमागे कार्ड ठेवलं आणि दोघी उतरल्या. तेवढ्यात मागून आवाज आला.

"ओ बाई, पाटी वाचता येते ना?"

बोलणारे एक निवृत्त मास्तर होते. त्यांची बायको पक्षाघातापासून चाकांच्या खुर्चीत होती. धडधाकट माणसं राखीव जागा अडवत, म्हणून तिला गाडीतून न उतरवताच मास्तरांना कितीदा तरी परत फिरावं लागलं होतं. त्यांचा राग खोटा नव्हता. तो भलत्याच माणसावर निघाला.

"कार्ड आहे माझ्याकडे," ताई म्हणाल्या.

"असेल सासऱ्याचं! चांगल्या टुणटुणीत तर दिसताय."

"मला हृदयाचा..."

"हृदयाचा! चालायचा कंटाळा म्हणा की सरळ. पोरीला हेच शिकवताय का?"

येणारे-जाणारे थबकले. कुणीतरी मोबाईल वर धरला. "लाज कशी वाटत नाही यांना," एक बाई शेजारणीला म्हणाली, ताईंना ऐकू जाईल अशा बेताने. ताईंना वाटलं, आपलं दुखणं असं भर रस्त्यात, अनोळखी माणसांपुढे किती उघडं करायचं? लेकीने त्यांचा हात ओढला. तिचे कान लाल झाले होते.

"आई, चल ना. आपण लांब लावू गाडी."

त्यानंतर ताई गाडी लांबच लावू लागल्या, पार कुंपणाच्या कडेला. घरी अवाक्षर काढलं नाही, लेकीलाही तशी ताकीद दिली. आणि एका रणरणत्या दुपारी, दोन्ही हातांत पिशव्या असताना, त्या दोन गाड्यांच्या मधे खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. लेक हाका मारत धावत सुटली, तेव्हा कुठे माणसं जमली.

जीव वाचला, पण होती नव्हती ती ताकद गेली. आता उभ्याने काम करायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलं. पार्लरचे आरसे दुसऱ्या एका बाईने नेले. ते उतरवले जात असताना ताई कोपऱ्यात बसून केसांच्या कात्र्या पुसत होत्या.

नवरा शाळेची बस चालवायचा. लेकीकडून सगळं कळल्यावर तो कळवळून म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? की चारचौघांत मला लबाड ठरवलं?"

ताईंना जरा बरं वाटू लागलं आणि त्या पुन्हा बाजारात जायचं म्हणाल्या. तेवढंच घराबाहेर पडणं आता उरलं होतं. तेव्हा सासूबाईंनी सासऱ्यांची काठी आणून पुढे केली.

"ही घे. जरा लंगडत चाल."

"पाय चांगले आहेत माझे, आई."

"मला का माहीत नाही? पण लोकांना डोळ्यांना दिसेल असं काहीतरी लागतं गं. पुन्हा लांब गाडी लावशील नि पुन्हा पडशील. मग मी काय करू?" म्हातारीने काठी त्यांच्या हातात दिलीच. ताईंना नाही म्हणवेना.

काठीने जादू केली. गाडी राखीव जागेत लागली तरी कुणाची भुवई वर गेली नाही. एकाने ढकलगाडी आणून दिली, पैसे द्यायच्या रांगेत बायकांनी पुढे जाऊ दिलं. बाहेर पडताना एका माणसाने धावत येऊन दार धरलं. ते मास्तर होते. शेजारी खुर्चीत त्यांची बायको.

त्यांनी ताईंना ओळखलं नाही. मागे त्यांनी चेहरा पाहिलाच नव्हता, पाय तेवढे पाहिले होते.

"सावकाश या, ताई," ते मायेने म्हणाले. "तुमच्यासारख्यांसाठीच असतात या जागा. मागे इथे एक बाई आली होती, अगदी नटूनथटून. म्हणे, हृदयाचा आजार! चांगली फैलावर घेतली तिला."

ताई थांबल्या. "ती मीच."

मास्तर बघत राहिले. काठीकडे, मग चेहऱ्याकडे. "म्हणजे... तेव्हा सोंग करत होतात की आता?"

"आता," ताई म्हणाल्या. "तेव्हा खरं सांगत होते. तुम्ही ऐकून घेतलं नाहीत."

मास्तरांचा हात दारावरच राहिला. "अहो," त्यांची बायको हलकेच म्हणाली, "असं काय केलंत तुम्ही?"

ताई गाडीत बसल्या आणि खूप रडल्या. अपमान तर जुना झाला होता. जिव्हारी लागलं ते वेगळंच: दुकानात मिळालेला तो खोटा मान त्यांना घटकाभर आवडला होता.

घरी येऊन त्यांनी काठी सासूबाईंच्या हातात दिली. "मी पुन्हा लंगडणार नाही, आई."

"लोक बोलतील," नवरा म्हणाला.

"बोलू देत. गाडी मी दारापाशीच लावणार."

पुढच्या गुरुवारी ताई एकट्याच गेल्या. केस नीट बसवलेले, कपड्यांना इस्त्री. राखीव जागेत गाडी लावून त्या उतरल्या, तेव्हा समोरून येणारा एक गृहस्थ थांबला. त्याने पाटीकडे पाहिलं, मग ताईंच्या पायांकडे. ताई गाडीच्या दाराला टेकून क्षणभर थांबल्या.

तो मान हलवत, काहीतरी पुटपुटत निघून गेला. त्याने विचारलं असतं, तर त्यांनी सांगितलं असतं.