लेनिनग्राडचा डावा बूट

मी बर्फावरचा, स्केटिंगचा बूट बोलतोय. तसे आम्ही दोघं आहोत, पण उजवा भाऊ पहिल्यापासून अबोल, म्हणून बोलतो मी, डावा. सावकाश बोलतो, तेवढं सांभाळून घ्या. आज मला राग आलाय, आणि रागात भरभर बोललं की सांगायचं तेच राहून जातं.

माझा जन्म लेनिनग्राडचा. एका म्हाताऱ्या चांभाराने नीनाबाईंच्या पावलाचा साचा घेऊन मला शिवलं आणि खाली पोलादी पातं बसवलं. बाई तेव्हा तरुण होत्या. स्वतःच्या स्पर्धा सोडून नुकत्याच मुलींना शिकवायला लागल्या होत्या. पहाटे सगळ्यांच्या आधी बर्फावर उतरायच्या, शेवटची मुलगी गेली की वर यायच्या.

त्यांच्या मुली परदेशात जाऊन पदकं आणायच्या. बाईंना मात्र सरकारने कधी देशाबाहेर सोडलं नाही. भाऊ परदेशात पळून गेला होता ना त्यांचा, त्याची शिक्षा यांना. मग पेपरात फोटो यायचा. मुलीच्या गळ्यात पदक, आणि शेजारी कुणीतरी सूटवाला साहेब. त्याला बर्फावर धड उभंही राहता आलं नसतं. बाई तो फोटो कापून ठेवायच्या, आणि कात्रीने साहेबाला वेगळा करून चुलीत घालायच्या.

पुढे तो देशच मोडला. आमच्या बर्फाच्या रिंकमध्ये लोक सोफे विकायला बसले. बाई मला पिशवीत घालून अमेरिकेला आल्या, मिशिगनमध्ये, नोव्हायला.

२००१च्या थंडीत तिथे इशिता आली. आठ वर्षांची, मोज्यांवर मोजे घातलेली. वडील गिरीशराव गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर, आई सुलेखाताई. बाईंनी पोरीला उडी शिकवलीच नाही. एका पायावर तोल धरून बर्फावर गोल काढायचा, पुसायचा, परत काढायचा. वर्षभर तेच.

"बाकीच्यांची मुलं जंप करतायत," गिरीशराव काचेमागून बायकोला म्हणायचे. "आपली बघ, घाण्याला जुंपल्यासारखी फिरतेय."

"अहो, बाईंना कळत असेल ना काहीतरी."

"तुला सगळ्यांचंच पटतं."

बाईंना तोंडावर विचारलं, तर त्या म्हणाल्या, "वर जाणं सोपं असतं. खाली यायला ही शिकतेय."

पुढच्या खंडेनवमीला सुलेखाताई संकोचत आल्या. आमच्यात आज हत्यारांची पूजा असते, म्हणाल्या, तुमचे बूट एक दिवस द्याल का? बाईंनी दिले. पाटावर आम्ही, शेजारी गिरीशरावांचा लॅपटॉप आणि गाडीची किल्ली. पात्याला हळदकुंकू लागलं, वर अंगणातला झेंडू. इतकी वर्षं घासलो, पण माझ्यासमोर कुणी वाकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ओल्या कुंकवाखाली गंजाचा ठिपका निघाला. बाई एरवी कशावरही ओरडायच्या. त्या दिवशी त्यांनी गळ्यातला स्कार्फ काढून मला पुसलं आणि हसल्या. पुढे दर वर्षी दिलं मला.

इशिता पंधरा वर्षांची झाली आणि तिची नडगी दुखायला लागली. बाईंनी दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "सप्टेंबरची स्पर्धा नाही. हाड सांगतंय, ऐका."

गिरीशराव म्हणाले, "थोडं दुखणारच. कॉलेजच्या अर्जात हे मेडल लागतं. नंतर देऊ की रेस्ट."

"इट्स ओके, डॅड, आय कॅन डू इट," पोरगी म्हणाली. खरं सांगतो, तिने हे बापाचं तोंड बघून म्हटलं.

बाईंनी नाही म्हटलं ते नाहीच. मग गिरीशरावांनी रिंकच्या ऑफिसात तक्रार केली. बाई मुलांवर ओरडतात, जुन्या वळणाच्या आहेत. ओरडायच्या, हे खोटं नाही. पण तेवढ्यावर मॅनेजरने त्यांचा बर्फ काढून घेतला, शिकवणंच बंद. इशिताला ब्रॅड नावाचा नवा कोच मिळाला. गोड बोलणारा, पांढऱ्या दातांचा.

स्पर्धेला बाई गेल्या. वरच्या बाकावर बसल्या, मांडीवर पिशवीत आम्ही. इशिताने शेवटची उडी मारली. माझ्यासारख्याला खाली येण्याचा आवाज पुरतो. पातं बरोबर टेकलं, आणि वर नडगीत काहीतरी तडकलं. पोरगी पडली नाही. गोल शिकली होती ना, त्यावरच उभी राहिली.

पदक मिळालं. फोटो निघाला. त्यात ती एका पायावर उभी आहे, आणि तिला धरून हसतोय ब्रॅड. मी म्हणतो, समुद्र ओलांडून आलो, तरी साहेब तोच?

काल तिने बाईंना फोन केला. पायाला प्लास्टर आहे. "उद्या खंडेनवमी आहे. आई विचारायला घाबरतेय. पण तुमचे बूट आणाल ना?"

बाईंनी आज आणले. दारात सुलेखाताईंच्या हातात दिले. त्या "या ना आत" पुटपुटल्या, पण डोळे नवऱ्याकडे. गिरीशराव सोफ्यावरून उठले नाहीत. "मी गाडीत थांबते," बाई म्हणाल्या आणि वळल्या.

आता मी पाटावर आहे. झेंडू आहे, कुंकू आहे. इशिता कुबड्या टेकून भिंतीशी उभी आहे, बापाकडे एकटक बघतेय. गिरीशराव वाकलेत. त्यांचं कपाळ माझ्या धारेपासून चार बोटांवर आहे.

गिरीशराव, मला नमस्कार नको. हे ओलं आधी पुसा, मला गंज चढतो. मी नुसतं चामडं आणि पोलाद. तुमच्या पोरीला उभं ठेवणारी बाई बाहेर थंडीत गाडीत बसली आहे, काच वर करून. उठा, चपला घाला, आणि तिला आत बोलवा.