सहावा पूर्वज

बारकी चाळीशीला टेकली, तरी मुखवट्यांच्या कारखान्यात ती बारकीच राहिली. कारखाना म्हणजे काय, दोन खोल्या आणि मेणाचा वास. धंदा आईचा, पण आईचे डोळे अधू झाल्यापासून साचे बारकी ओतायची आणि शेवटचा हात आई फिरवायची. तिच्या बोटांना सगळं दिसतं, असं नाटकवाले म्हणत.

या खेपेचं नाटक रोमचं होतं. दिग्दर्शक चहा पिता पिता सांगून गेला, की तिथल्या बड्या घराण्यांत मेलेल्या पूर्वजांचे मेणाचे चेहरे कपाटात जपून ठेवत. घरात कुणी गेलं, की नट ते चेहरे लावून अंत्ययात्रेत चालत.

"मेलेलेच मेलेल्याला पोचवायला येतात, बघा! मला सहा पूर्वज पाहिजेत, शुक्रवारपर्यंत."

"पूर्वज म्हणजे काय भाजी आहे, आठ दिवसांत ताजी द्यायला?" आई करवादली, पण काम घेतलं.

पाच चेहरे जुन्या साच्यांतून निघाले. सहावा काही जमेना, म्हणून सोमवारी बारकीने वरच्या फळीवरून दादाचा साचा काढला. दादाने विसाव्या वर्षी पैज मारली होती, की वीस मिनिटं हूं की चूं करणार नाही. आईनेच त्याच्या नाकपुड्यांत दोन कागदी नळ्या घालून तोंडावर प्लास्टर थापलं होतं. पुढे बाबांशी कडाक्याचं भांडून तो घराबाहेर पडला, त्याला अकरा वर्षं झाली. बाबा गेले, तेव्हाही आला नाही. पत्र नाही, फोन नाही. जिवंत आहे की नाही, एवढं तरी कळू दे, असं बारकीला रोज वाटायचं, आणि कळायची भीतीही वाटायची.

ओतलेलं मेण निवलं. तिने साचा उघडला. चेहरा दादाचाच होता, पण विशीतला नव्हता. कपाळावर आठ्या, बसलेली गालफडं, डाव्या भुवईवर जुना व्रण. तिने साच्यात बोट फिरवून पाहिलं. भुवईच्या जागी साचा गुळगुळीत होता.

"आई, हे बघ गं." तिने चेहरा आईच्या हातात दिला.

आईची बोटं त्या चेहऱ्यावर कितीतरी वेळ फिरली. "थकलाय," ती म्हणाली. तो दारात उभा असावा, तसं म्हणाली. मग तिने नाक चाचपलं. जिवंत माणसाच्या साच्यात नळ्यांची दोन भोकं राहतात. त्यांत मेण शिरतं आणि ओतलेल्या चेहऱ्याच्या नाकातून दोन काड्या बाहेर येतात. त्या तापल्या सुरीने कापायच्या, हे आईचं काम. मेलेल्याच्या चेहऱ्याला नळ्या लागत नाहीत, म्हणून काड्याही येत नाहीत. हा बारकीचा पहिला धडा होता.

दोन्ही काड्या जागेवर होत्या. आईने सुरी बाजूला ठेवली.

"हा चेहरा मी देणार नाही. त्या अंत्ययात्रेत मेलेले चालणार. माझा मुलगा जिवंत आहे."

"अगं, नाटक आहे ते!"

"असू दे. दिग्दर्शकाला म्हणावं, पाचांत भागव."

दुसऱ्या दिवशी, आज कसा आहे ते बघू म्हणत आईने तेच मेण वितळवून पुन्हा ओतायला लावलं. आता गालांवर दाढीचे खुंट होते. बुधवारी ओठ फुटलेले. "पाणी पीत नाहीस, डॉक्टरकडे जात नाहीस, सगळा हट्टीपणा!" आई मेणाला रागे भरत होती. बारकीला भरून आलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. अकरा वर्षं घरात राबते मी, आणि माया सगळी त्या पळपुट्यावर. पण गुरुवारी गालांची हाडं वर आलेली दिसली आणि तिचा राग कुठल्या कुठे गेला. तिने काड्या आहेत ना, हे तीनदा पाहिलं.

शुक्रवारी सकाळी साचा उघडला, तर दाढी नाही, आठ्या नाहीत. ओठ मिटलेले, चेहरा अगदी निवांत.

"आई, बरा झाला गं! बघ तरी!" बारकी ओरडलीच.

आईने चेहरा मांडीवर घेतला. बोटं कपाळावरून भुवईवर आली, व्रणावर थांबली, गालावर उतरली. मग नाकाशी आली आणि तिथेच राहिली.

बारकी वाकली. काड्या नव्हत्या. तुटलेल्याही नव्हत्या. नाकपुड्या मेणाने सपाट भरलेल्या होत्या. तिने धावत साचा खिडकीशी नेला. दोन्ही भोकांतून ऊन आरपार येत होतं.

बाहेर नाटकवाल्यांची गाडी थांबली. कुणीतरी दार वाजवलं. आईने बाकीच्या पाचांसाठी तापवलेली सुरी पाण्यात बुडवली आणि पदराने त्या चेहऱ्यावरची धूळ पुसली. धूळ नव्हतीच.

"दे त्यांना," ती म्हणाली. "सहा झाले म्हणावं. आणि हा सगळ्यांच्या पुढे चालू दे. बाबा त्याची वाट बघत असतील."