दोन बोटं खाली

पैठणीच्या पदरावरचे मोर समोरासमोर असतात, पण एकमेकांकडे बघत नाहीत.

चांदवडच्या कांद्याच्या चाळीला काळं प्लास्टिक गुंडाळलं की दुपारी तीन वाजता आत रात्र होते.

‘बाई (भूत), वय बत्तीस.’ पटकथा, पान दोन.

खोटं रक्त: साखरेचा पाक, खाण्याचा लाल रंग. मुंग्या येतात.

वेदिका तेवीस वर्षांची आहे.

सरळ सांगते. सिनेमा आमचा, नाशिकच्या नाटकाच्या ग्रुपमधल्या सात जणांचा. सासरच्यांनी कांद्याच्या चाळीत कोंडून मारलेली बाई परत येते आणि एकेकाला गाठते. दिग्दर्शक महेश. बाई मी होणार होते. चौदा महिने मीच होणार होते. म्हणून मी मामाची चाळ मागून आणली, म्हणून माझी लग्नातली येवल्याची पैठणी दिली. मग एका संध्याकाळी महेशने चहा पाजला आणि म्हणाला, “शुभांगी, तुझ्या चेहऱ्यावर सोसणं फार दिसतं गं. मला अजून न सोसलेली हवी.”

चाळ आणि साडी मात्र त्याला माझीच चालली.

आणि साडी नेसवायलाही मीच, कारण बाकी कुणाला येत नाही.

शेवटचा प्रसंग. भूत सासऱ्याच्या मागे धावतं. वेदिका दोन्ही हात वर करून माझ्यासमोर उभी होती. ब्लाउज माझाच, दोन्ही बाजूंनी आत घेतलेला.

“ताई, किती छान नेसवता तुम्ही. मला तर नुसत्या पिना टोचतात.”

“हलू नकोस.”

दारात चिमणामामी येऊन थांबली. तिची चाळ, तिला कोण अडवणार?

“ही भूत व्हय? लय गोड हाय की! हिला बघून कोण घाबरंल?”

मला मामीला मिठी मारावीशी वाटली.

“आन शुभे, तू काय करती मंग यात?”

“साडी नेसवते.”

“बास?”

तेव्हा माझ्या हातात निऱ्या होत्या. नेहमी खोचते त्याच्या दोन बोटं खाली खोचल्या. पुढचा काठ जमिनीला टेकला. उभं राहिलं तर काही कळत नाही. चार पावलं धावलं की काठ पायात येतो.

“झालं,” मी म्हणाले.

टेक एक.

सासरा झालेला सुयश कांद्यांच्या ढिगाकडे पळाला. वेदिका त्याच्यामागे. एक, दोन, तीन. चौथ्या पावलाला ती तोंडावर पडली. रेशीम फाटल्याचा आवाज मला इथपर्यंत आला. खोटं कशाला बोलू, एक श्वासभर मला फार बरं वाटलं.

ती उठली नाही.

कोपरांवर पुढे सरकली. पाय साडीत अडकलेले, ते मागून ओढत. केस तोंडावर, हनुवटीला खरचटलेलं, आणि नजर सुयशवर. अजिबात घाई नाही. सुयश मागे सरताना खरंच घाबरला, ढिगावर आदळला, कांदे घरंगळत तिच्या अंगावर आले तरी ती येतच राहिली. मामीच्या तोंडून “आई गं” निघालं. कट म्हणायचं महेश विसरला.

मला हे जमलं नसतं. मी पडले असते तर आधी साडी सावरली असती.

“शुभांगी!” महेश धावत माझ्याकडे आला. तिच्याकडे नाही, माझ्याकडे. “मुद्दाम केलंस ना हे?”

“हो.”

“कमाल आहेस! हेच पाहिजे होतं मला. लिहून सुचलं नसतं. आता अस्संच परत नेसव, अजून तीन टेक घेऊ.”

वेदिका लंगडत आली आणि माझ्या गळ्यात पडली. पाकाचं रक्त माझ्या कुडत्याला लागलं. “बरं झालं ताई, आधी सांगितलं नाहीत. नाहीतर मी पडायला घाबरले असते.”

तिने पुन्हा हात वर केले. काठ वीतभर फाटला होता, जरीची तार लोंबत होती. मी तुटलेले धागे आत दुमडले, निऱ्या घातल्या आणि बेंबीपासून दोन बोटं मोजली.

वेदिकाला महेशकडे पहिल्यांदा मी घेऊन गेले होते, माझ्या स्कूटीवर मागे बसवून.