नाइलाज म्हणून

स्वयंपाकघरात कुणी नाही याची खात्री करून घेत विलासराव फ्रिजला म्हणाले, “लोदूफ्का.”

फ्रिजने नेहमीसारखी घरघर केली. दारावरच्या पिवळ्या चिठ्ठीवर सुनेच्या, सिद्धीच्या अक्षरात तेच लिहिलं होतं. विलासरावांनी चिठ्ठी तळहाताने झाकली आणि शब्द पुन्हा म्हटला. मग खुर्ची, खिडकी, पाण्याचं पिंप. जे. पी. नगरच्या त्या फ्लॅटमध्ये आरशापासून चपलांच्या स्टँडपर्यंत प्रत्येक वस्तूला तिचं पोलिश नाव चिकटवलेलं होतं. देवघर तेवढं सुटलं होतं. देवांना इथेच ठेवायचं ठरलं असावं.

“अण्णा, कुणाबरोबर बोलायलासा?” भाजीची पिशवी ओट्यावर ठेवत यल्लव्वाने विचारलं. ती खानापूरकडची. विलासरावांशी मराठी बोलायला मिळतं म्हणून दोन घरं सोडून तिने हे स्वयंपाकाचं घर धरलं होतं.

“फ्रिजबरोबर.”

“सरी, बरं. बोला. तेवढंच एक थंड डोक्याचं हाय घरात.”

त्यांच्या मुलाला, शंतनुला कंपनी क्राकोवला पाठवणार होती, काही वर्षांसाठी. बातमी आल्यापासून त्याने आणि सिद्धीने पोलिश शिकायचा धडाका लावला होता. फोनवर ॲप, शनिवारी ऑनलाइन बाई, घरभर चिठ्ठ्या आणि जेवताना पोलिश वाहिनीवरचे परदेशी सिनेमे. त्या सिनेमांत नायिका, खुनी आणि लहान मूल या सगळ्यांचे संवाद एकच पुरुष कंटाळलेल्या आवाजात वाचून दाखवी. विलासरावांना हा प्रकार फार आवडला. सरकारी कारखान्यातल्या मीटिंगांत त्यांनी उभी नोकरी असाच आवाज ऐकत काढली होती.

त्यांना मात्र कुणी शिकायला सांगितलं नव्हतं. त्यांनी ते चोरून सुरू केलं, त्याला कारण होतं बेडरूमचं अर्धवट लागलेलं दार.

“बी प्रॅक्टिकल, शंतनु,” सिद्धी आत म्हणत होती. “तिकडे ते बोलणार कुणाशी? एक शब्द येणार नाही. दिवसभर खिडकीत बसून राहतील.”

“मग इथे एकटं सोडून जाऊ? गॅस चालू ठेवून फिरायला जातात. परवा जयनगरहून घरी यायचा रस्ता सापडेना, तर बसस्टॉपवर बसून राहिले. नाइलाज आहे गं. न्यावंच लागेल.”

नेणार होते, म्हणजे प्रश्न मिटलाच होता. दुसरा कुणी असता तर निमूटपणे स्वेटर शोधायला लागला असता. पण विलासरावांना तो एक शब्द खुपला. नाइलाज म्हणून लोक औषध घेतात, टोल भरतात. बायको, सुनंदा, गेल्यापासून या घरात एकटं मागे राहणं त्यांना नकोच होतं, हे खरं. पण जायचं तर मुलाने हौसेने न्यावं, असं त्यांना वाटलं. सिद्धीची अडचण भाषेची होती ना? मग ती दूर करता येण्यासारखी होती.

ते कामाला लागले. ॲप त्यांच्याकडून “माझं बदक वर्तमानपत्र वाचतं” असली वाक्यं घोटून घेई आणि एखादा दिवस चुकला तर लिही, तुमची आठवण येते. इतक्या आपुलकीने त्यांची चौकशी बऱ्याच दिवसांत कुणी केली नव्हती. ते सकाळी कानात इअरफोन घालून बागेत चालत आणि झाडांना पोलिशमध्ये नमस्कार करत. मंजुनाथ नावाचे शेजारी समोरून आले की गुणगुणतोय असं दाखवत. शब्द टिकत नसत. रात्री पाठ केलेले दहा सकाळी चार उरत. मग ते पुन्हा दहा करत.

निघायच्या आधी एकदा मेंदूच्या डॉक्टरांना दाखवून घेऊ, तिकडे काय औषधं लागतील ते कळेल, असं शंतनु म्हणाला. जयनगरच्या दवाखान्यात डॉक्टर दिव्यश्री नावाच्या हसऱ्या बाई होत्या. त्यांनी कन्नडमधून तारीख विचारली, घड्याळ काढायला लावलं आणि लक्षात ठेवायला तीन शब्द दिले. थोड्या वेळाने ते परत विचारले.

“टेबल,” विलासराव म्हणाले. “घोडा.”

तिसरा येईना. डॉक्टरांचं पेन थांबलं होतं. शंतनु आणि सिद्धी एकमेकांकडे न पाहता बसले होते.

“टेबलला पोलिशमध्ये स्तूव म्हणतात,” विलासराव घाईने म्हणाले.

शंतनुने मान वळवली.

मग विलासराव थांबलेच नाहीत. नमस्कार, माझं नाव विलास. मी इंजिनिअर होतो. मी मुलाबरोबर राहतो. मला सूप आवडतं. आज हवा चांगली आहे. सगळं पोलिशमध्ये, एका दमात, त्या सिनेमातल्या माणसाच्या आवाजात. सिद्धी तोंडावर हात ठेवून ऐकत होती.

“अण्णा! हे कधी?”

“असंच. वेळ होता.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. तिसरा शब्द विचारायचा त्याही विसरल्या.

“माझे चाळिशीतले पेशंट पासवर्ड विसरतात,” त्या शंतनुला म्हणाल्या, “आणि हे या वयात नवी भाषा शिकतात. मला काळजीचं काही दिसत नाही. उलट ओळखीचं घर, ओळखीचे रस्ते यांतून त्यांना उपटू नका. कुणी दिवसातून एकदा डोकावलं तर ते छान एकटे राहतील.”

शंतनुने श्वास सोडला. गेले कित्येक महिने तो धरून ठेवलेला होता, हे विलासरावांना तो सुटल्यावर कळलं.

गाडीत सिद्धी मागून पुढे वाकून बोलत राहिली. “रॉकस्टार आहात अण्णा तुम्ही! मला अजून त्या लोकांची अनेकवचनं जमत नाहीत. आणि मी उगाच गिल्टी फील करत होते. आपण रोज व्हिडिओ कॉलवर पोलिशमध्येच बोलायचं, चालेल?”

“यल्लव्वाला दोन्ही वेळेला यायला सांगू,” शंतनु म्हणाला. त्याची बोटं स्टिअरिंगवर ताल धरत होती. लहानपणी परीक्षा संपल्यावर तो स्कूटरच्या आरशावर असाच ताल धरी.

“मी शिकलो ते...” विलासरावांनी सुरुवात केली. सिग्नल सुटला, मागच्या रिक्षाने हॉर्न वाजवला. “तिकडे थंडी फार असेल ना?”

“उणे पंधरा! सुटलात तुम्ही.”

विलासरावांनी मान डोलावली आणि काच थोडी खाली केली.

इमारतीच्या तळघरात गाडी लागली. लिफ्टमध्ये विलासराव आधी शिरले, त्यामुळे बटणांपाशी तेच होते. त्यांनी बोट उचललं. बोट तसंच राहिलं. येदेन, द्वा, त्शी, च्तेरी. प्रत्येक बटणाचं नाव त्यांना येत होतं. त्यांतलं घर कोणतं, ते येत नव्हतं. त्यांनी खालून वरपर्यंत पाहिलं, मग वरून खाली.

“अण्णा, पुरे हं नाटक,” शंतनु हसत म्हणाला. “पास केलंय डॉक्टरांनी तुम्हाला.”

त्याने त्यांच्या खांद्यावरून हात पुढे करून बटण दाबलं. सिद्धी खळखळून हसली. दोघं आपल्याकडे बघतायत हे पाहून विलासरावही हसले.

लिफ्ट वर निघाली. कोणतं बटण लागलंय, ते त्यांनी नीट पाहून ठेवलं.