वच्छलाचे दोन ठिपके

"मोठा केला त फुटते, मावशी," राजपाल म्हणाला.

"फुटू दे. काच काय, दुसरी बसोता येते," धनीबाई म्हणाली. "मी लुगड्यात गुंडाळूनच नेतो."

केनवडच्या त्या फोटोच्या दुकानात राजपालला हसू आवरेना. "काच नाई व, फोटोच फुटते!" त्यानं बटणाच्या जुन्या फोनमधला फोटो पडद्यावर ताणला. वच्छलाच्या गालांचे चौकोनी तुकडे झाले, ठिगळांच्या वाकळेसारखे.

वच्छला धनीबाईची थोरली बहीण अन् जाऊही. दोघी एकाच घरात दिलेल्या. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. तिचा फोटो भिंतीवर सगळ्यांत मोठा लागावा, असं धनीबाईनं मनात धरलं होतं.

"मंग हा घे." तिनं लेकाचा नवा फोन पुढे केला. "लग्नातला हाय. एकशे आठ मेगापिक्सल म्हंते आमचा किशन. थे काय असते रे?"

"ठिपके. फोटो ठिपक्यायचाच असते. याच्यात दहा कोटीच्या वर."

"अव माय! इतके कोन गोंदत बसलं?"

हा फोटो ताणला तरी फुटला नाही. गोरा, गुळगुळीत चेहरा पडदाभर झाला. धनीबाईनं हनुवटीपाशी बोट नेलं.

"हे वच्छला नोय."

"काहून?"

"तिचे ठिपके कुठी गेले?"

लहानपणी दारात गोंदणारी आली होती. धनीबाईनं दात आवळून हनुवटीवर तीन ठिपके घेतले. वच्छला दुसऱ्या ठिपक्यालाच उठून ज्वारीत पळाली. जन्मभर दोनांवरच राहिली. "अर्धी गोंदली," म्हणून सासरीही चिडवत.

राजपालनं निरखून पाहिलं. "फोननं डाग समजून पुसले, मावशी. मांडवात उजेड बी कमी होता. बाकीचं त्यानं आपल्या मनानंच भरलं."

"दहा कोटी ठेवले, अन् दोन जड झाले त्याले?"

मग काय वाटलं कुणास ठाऊक, राजपालनं जुना फोटो पुन्हा उघडला अन् लहान लहान करत नेला. तुकडे सांधत आले. सकाळचं ऊन, उंबरा, मांडीवर सूप. तळहाताएवढ्या वच्छलाच्या हनुवटीवर दोन तीळ पडावेत तसे ठिपके उमटले.

"एवढाच राह्यते, मावशी."

"राहू दे."

रिठदला घरी किशननं वरच्या फोटोंच्या रांगेत खिळा धरला. धनीबाईनं त्याचा हात खाली आणला, चुलीजवळ, बसल्यावर नजर जाते तिथं.

"इतक्या खाली कोनाचा फोटो असते, माय?"

"बहिनीसंगं उभ्यानं कोन बोलते?"

खिळा बसला. धनीबाईनं तुरीचं सूप ओढलं अन् बसायच्या पोत्यावर थोडी बाजूला सरकली.