सागिनबेकची फुंकर आणि शेवटच्या आठ नळ्या

तुयुक-साय या आमच्या डोंगरी गावाच्या लोकर कातरण्याच्या छपरीत त्या दिवशी जेवढी माणसे जमली होती, तेवढी एखाद्या लग्नालाही जमली नसतील. मेजावर सूक्ष्मदर्शक मांडलेला, आणि रांग थेट अंगणापर्यंत गेलेली. एकेक जण टोपी मागे सारून भिंगाला डोळा लावी आणि बाजूला होताना दोन्ही तळहात चेहऱ्यावरून भक्तिभावाने फिरवी.

चमत्कार होताही तसाच. तीन दिवसांपूर्वी एकाच एडक्याचे वीर्य दोन काचेच्या नळ्यांत भरले होते. एका नळीवर सागिनबेक ताबिपाने फुंकर घातली होती, दुसरीवर नाही. फुंकरीच्या नळीतले शुक्राणू ओढ्यातल्या मासोळ्यांसारखे सळसळत होते. दुसरीतले सारे निश्चल पडले होते.

ताबिप म्हणजे आमचा गावठी वैद्य. आजारी लेकरावर वडीलधाऱ्यांनी प्रार्थना पुटपुटून फुंकर घालावी, ही आमची जुनी रीत. ती मायेची आहे. तिला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. सागिनबेकाने मात्र त्या मायेचा दर ठरवला होता : प्रत्येक कळपामागे सर्वांत लठ्ठ मेंढी.

"घाट ओलांडताना बीज घाबरतं," तो सांगे. "फुंकर लागली की भीती जाते. आणि बिनफुंकरीची नळी खिडकीतच ठेवायची, उन्हात. आभाळाला दिसलं पाहिजे, कोण आपलं नि कोण परकं."

स्वतःची नळी तो काळ्या रुमालात गुंडाळून ठेवी. आभाळाने परक्यांनाच पाहावे आणि आपल्यांना पाहू नये, ही त्याच्या शास्त्रातली विसंगती कोणालाही खटकली नाही.

खटकली ती कनिशायला. गावात मेंढ्यांचे कृत्रिम रेतन तीच करी, आणि सूक्ष्मदर्शकही तिचाच होता. रांगेत शेवटी उभी राहून तिने भिंगातून पाहिले, आणि मग फुंकरीची नळी नुसत्या डोळ्यांनी पुष्कळ वेळ न्याहाळली. वरच्या कडेला, कापसाच्या बोळ्याखाली, तेलाची पिवळसर तकाकी होती.

ही गोष्ट तिने फक्त ऊलबाला आपाला (थोरल्या बाईंना आम्ही आपा म्हणतो) सांगितली, कारण प्रसंग आपावरच होता. घाटापलीकडचा, आपाच्या नवऱ्याने हयातभर जोपासलेल्या वंशाचा, अखेरचा म्हातारा एडका त्या आठवड्यात मेला होता. मरण्याआधी काढलेल्या त्याच्या वीर्याच्या आठ नळ्या मंगळवारी येणार होत्या, आणि आपाच्या बत्तीस मेंढ्या गुरुवारी माजावर येणार होत्या. मधले दोन दिवस ते बीज तगले, तर वंश चालणार. नाहीतर नवऱ्यामागे त्याचा कळपही संपणार.

"आठही नळ्या माझ्याकडे द्या, आपा," कनिशाय म्हणाली.

"तू कालची पोर. तो सांगतो माझ्यावर विश्वास ठेव, तूही तेच सांगतेस. मग फरक काय गं तुमच्यात?"

आपाने निवाडा दिला : चार त्याच्या, चार हिच्या, काय दिसेल ते गुरुवारी सगळ्यांदेखत.

कनिशायने एकच अट घातली. आठही नळ्यांना तिच्या पाकिटातले कोरे कापसाचे बोळे लागतील, आणि आठही एकाच थंड पेटीत, अंधारात राहतील. सागिनबेक म्हणाला की त्याचा कापूस मंतरलेला आहे, परक्या कापसाने फुंकर कोंडते.

"तुमची फुंकर एवढा घाट चढते ताबिप, आणि कापसाला अडते होय?" आपाने विचारले. लोक हसले, आणि त्याला मान डोलवून आपल्या चार नळ्यांवर नुसतीच फुंकर घालावी लागली. त्या दोन दिवसांत तो तीनदा पेटीची विचारपूस करायला आला. आपा पेटीवरच बसून चहा पीत होती.

गुरुवारी पुन्हा रांग लागली. कनिशायच्या नळ्यांत दहांतले सात शुक्राणू सरळ धावत होते. फुंकरीच्या नळ्यांत दहांतले जेमतेम दोन हलत होते, तेही जागच्या जागी गोल फिरत.

"संशयखोर बाईची सावली पडली," सागिनबेक म्हणाला.

"सावली तर आठही नळ्यांवर पडली," आपा म्हणाली. "तुझ्या खिशातला कापूस काढ."

तो काढेना, तेव्हा दुयशोन नावाच्या धनगराने काढला. बोळा पिवळ्या तेलाने ओला होता. ते औषधांच्या दुकानात गोळ्यांत मिळणारे ई जीवनसत्त्व. तरुणपणी सागिनबेक कुठल्याशा पशुकेंद्रात नळ्या धूत असे. युक्ती त्याने तिथेच पाहिली होती.

कनिशायने मग साऱ्यांना समजावले. "मेंढीच्या शेपटाची चरबी उन्हात उघडी राहिली तर काय होतं?"

"खवट होते," चार जण म्हणाले.

"शुक्राणूच्या अंगावरही तशाच चरबीचं पातळ आवरण असतं. हवेतल्या ऑक्सिजनने ते खवट होतं, उन्हात आणखी लवकर. हे तेल तो मारा स्वतःवर घेतं, म्हणून याला अँटिऑक्सिडंट म्हणतात. माझ्या चार नळ्यांत मी ते मोजून घातलं. फुंकर म्हणजे नुसती आणखी हवा."

चार नळ्यांत सोळा मेंढ्या झाल्या. कोणत्या सोळा, हे आपाने कळपात एकटीने फिरून ठरवले. उरलेल्या सोळांच्या पाठीवरून तिने एकेक करून हात फिरवला. श्रद्धेला दिलेल्या निम्म्या वाट्याची ती किंमत होती.

दुसऱ्या दिवशी दुयशोन टोपी हातात धरून कनिशायच्या दारी आला. ते पवित्र तेल आपल्या गुडघ्याला थोडे मिळेल का, असे त्याने अतिशय नम्रपणे विचारले. कनिशायने कपाळाला हात लावला. मग त्याला आत बोलावून तिने तीन नळ्या भरल्या : एक बिनतेलाची, एक मोजक्या तेलाची, एक भरमसाट तेलाची. दोन दिवसांनी भिंगातून पाहायला ये, म्हणाली. तो आला. मोजक्या तेलाच्या नळीतले धावत होते; बिनतेलाच्या नळीतले बहुतेक मेले होते, आणि भरमसाट तेलाच्या नळीतलेही.

"म्हणजे तेलसुद्धा पवित्र नाही," तो खिन्नपणे म्हणाला.

"नाही, दुयशोनदादा. पण तुम्ही पाहिलंत."

वाचकहो, माझे मागणे एवढेच आहे. कोणी चमत्कार दाखवला तर त्याला हात जोडण्यापूर्वी विचारा, की दुसरी नळी कुठे ठेवली होती? आणि कोणी विज्ञान सांगितले, तरी तेच विचारा. वसंतात आपाच्या अंगणात एकोणीस कोकरे उभी राहिली. सोळाच मेंढ्यांची, कारण तिघींना जुळी झाली होती. आभाळाची कृपा, असे आपा म्हणाली. आणि मोजण्यासाठी तिने कनिशायला बोलावले.